मिसळीच्या हॉटेलात वेताच्या खुर्च्या? सल्ला हवाय

तर्रीबाज | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही स्वार्थासाठी.

आमचं नाशकात पाथर्डी फाट्याला मिसळीचं छोटं हॉटेल आहे. बाबांनी बावीस वर्षांपूर्वी सुरू केलं. लोखंडी पायांची टेबलं, वर काळा ग्रॅनाइट, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला पाच फुटांपर्यंत टाइल. आता गंगापूर रोडला साडेसहाशे चौरस फुटांचा गाळा भाड्याने घेतलाय. सकाळी मिसळ, दुपारनंतर कॉफी-सँडविच असा बेत. मी आणि बायको उत्साहाने एका डिझायनरकडे गेलो. मुलगी हुशार आहे, बोलते छान. चार दिवसांनी तिने मूडबोर्ड (जागा कशी दिसेल याच्या फोटोंचा तक्ता) पाठवला. त्यात भिंतींना टेराकोटा रंगाचा चुन्याचा गिलावा, दोन कमानी, वेत विणलेल्या खुर्च्या, फिकट ओकसारखी टेबलं, एका भिंतीला उभ्या पन्हाळीचं फ्लुटेड पॅनेल, खिडकीपाशी बुटका सोफा. छताला काहीच नाही, स्लॅब उघडा आणि वायरिंगचे पाइप दिसणार. या प्रकाराला जपांडी म्हणतात म्हणे, अर्धं जपान आणि अर्धं स्कँडिनेव्हिया.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला, सगळे फोटो सावकाश बघितले आणि म्हणाले, "छान आहे. यात मिसळ कुठे सांडायची?"

तेव्हापासून घरात दोन पार्ट्या आहेत. सध्याच्या ट्रेंडमधलं काय टिकतं, काय निव्वळ फोटोपुरतं असतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. करार पाच वर्षांचा आहे.

पंचवटीतला | रविवार, रात्री १०:३१

बाबा रॉक्स. खुर्ची पकडून बसलोय, प्लास्टिकची.

रंधा | रविवार, रात्री ११:०५

आमचं अंबडला फर्निचरचं वर्कशॉप आहे, त्यामुळे राहवत नाही.

बाबांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, तुमच्या हॉटेलचा सगळा हिशोब त्यातच आहे. मिसळीच्या टेबलावर तीन शत्रू असतात. हळद, तेल आणि लिंबू. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि तेल मिळेल त्या भोकात शिरतं. खडबडीत मॅट लॅमिनेटच्या रेषांत ते बसलं की फिकट ओकचं टेबल महिनाभरात पिवळसर दिसायला लागतं. (हळदीचा डाग उन्हात फिका पडतो हे आईला विचारा, पण टेबल रोज गच्चीवर नेणार का?) लिंबू दगडाचं वाटोळं करतं. संगमरवर आणि कडप्पा दोन्ही चुनखडीच्या जातीचे. आंबट पडलं की पॉलिश जातं आणि पांढरट चट्टा राहतो, तो पुसून जात नाही. ग्रॅनाइटला लिंबाने काही होत नाही. तुमच्या वडिलांनी बावीस वर्षांपूर्वी काळा ग्रॅनाइट टाकला तो काही सौंदर्यदृष्टी नव्हती म्हणून नाही.

फिकट रंगच हवा असेल तर बारा मिलिमीटरचं कॉम्पॅक्ट लॅमिनेट बघा. आत प्लाय नसतोच, अख्खी पाटी दाबून केलेली, त्यामुळे कड फुगत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत मॅट घ्या, लाकडाच्या रेषा उठलेला नको. नमुना घरी आणा, त्यावर कट ओता, रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसा. दुकानदाराचं ऐकू नका, माझंही ऐकू नका.

दुसरं, काउंटर. हॉटेलातली फरशी रोज पाण्याने धुतली जाते, आणि काउंटर वरून नाही, खालून मरतो. प्लायची कड पाणी पिते, फुगते, मग लॅमिनेट सुटतं. पाण्याजवळ आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेलाच प्लाय वापरा, त्याची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात घेतात. आयएस ३०३ मधला साधा एमआर (थोडा ओलावा सोसणारा) प्लाय कोरड्या जागेसाठी ठीक. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काउंटरला सहा इंची स्टीलचे पाय देऊन तो जमिनीपासून उचला. खाली झाडू फिरतो, झुरळांना घर मिळत नाही.

चौकोनीचहा | सोमवार, सकाळी ९:४०

मी इंटिरियरवाली आहे, म्हणून डिझायनर मुलीची बाजू कोणीतरी घ्यायला हवी.

तिने जे दिलंय ते आजचं आहे, चुकीचं नाही. दहा वर्षांपूर्वी प्रत्येक कॅफे गॅरेजसारखा दिसायचा. काळं लोखंड, उघड्या विटा (बऱ्याचदा विटांचा वॉलपेपर), लोंबकळणारे पिवळे बल्ब आणि त्या पत्र्याच्या खुर्च्या. ती खुर्ची मुळात फ्रान्समध्ये झाव्हिए पोशार याने १९३४ मध्ये काढली. गॅल्वनाइज्ड पत्रा, एकात एक रचता येणारी, बाहेर पावसात ठेवली तरी चालणारी. आपल्याकडे तिची नक्कल आली ती साध्या पत्र्यावर रंग मारून, आणि दोन पावसाळ्यांत गंजली. त्या कंटाळ्यातून आता सगळ्यांना ऊबदार, मातीचं, गोलाकार काहीतरी हवंय. हा बदल मला आवडतो.

वेताच्या ज्या खुर्च्या तिने दाखवल्यात, इंग्रजी व्ही उलटा केल्यासारखे पाय असतील तर त्या चंदीगडच्या. ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे तिथे काम करत होता, १९५० च्या दशकात तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या बनल्या. पुढे भंगारात गेल्या, आणि तिथून उचललेल्या परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या. आता त्यांच्या नकला भारतातल्या प्रत्येक दुसऱ्या कॅफेत. म्हणजे कारकुनाची खुर्ची पॅरिस फिरून गंगापूर रोडला आलीये.

आणि टेराझोबद्दल बोलूच नका. लोक बंगल्यातली जुनी मोझाइक फरशी फोडून व्हिट्रिफाइड टाकतात, आणि त्याच वेळी हॉटेलसाठी टेराझोची टाइल शोधत येतात. अहो, तुम्ही काल फोडली ती तीच होती!

तर्रीबाज, माझा सल्ला: तिला बाबांच्या हॉटेलात सकाळी नऊला नेऊन बसवा. मिसळ खायला घाला. मूडबोर्ड आपोआप बदलेल. बहुतेक क्लायंट फोटो दाखवतात, धंदा दाखवत नाहीत, आणि मग आमच्या नावाने खडे फोडतात.

अर्धाकप | सोमवार, दुपारी १:१५

धागा वाचून जुनी जखम ओली झाली.

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत माझा कॅफे होता. दीड वर्ष चालला. बंद का पडला याची कारणं बरीच, पण दोन गोष्टी निव्वळ इंटिरियरच्या.

एक म्हणजे बुटका सोफा. बसायची उंची पंधरा इंच, पुढे सोळा इंचांचं कॉफी टेबल. फोटोत काय दिसायचं! पण माणूस त्यात रुतला की ताटापर्यंत पोचायला पोटाची घडी घालावी लागायची. पास्ता खाणारे गुडघ्यांवर बशी घेऊन बसायचे. आणि कॉफी घेऊन बसणारी पोरं रुतली की उठायचीच नाहीत, दोन तास, एक कॅपुचिनो. मिसळीला तर हे अजिबात चालणार नाही. साधं सूत्र आहे, बसायची उंची अठरा इंच, टेबल तीस इंच. त्यात बारा इंचांचा जो फरक आहे त्यावर जेवण चालतं.

दुसरं, आवाज. उघडा स्लॅब, काच, टाइल, काँक्रीटचा काउंटर. आठ माणसं आत असली की शेजारच्याचं ऐकू यायचं नाही, म्हणून प्रत्येक जण आवाज चढवायचा, आणि मग आम्ही संगीत वाढवायचो. माझी आई एकदा आली, दहा मिनिटांत म्हणाली डोकं दुखतंय. मला वाटलं वयामुळे. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, "वाइब आहे सर."

देसिबल | सोमवार, रात्री ८:२२

वाइब नव्हता, दीड सेकंद होता. सांगतो.

खोलीत टाळी वाजवली की आवाज विरायला किती वेळ लागतो, याचं सूत्र वॉलेस सॅबिन या प्राध्यापकाने बसवलं. हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या एका व्याख्यानगृहात काही केल्या बोलणं कळत नव्हतं. १८९५ मध्ये हे काम याच्या गळ्यात पडलं. हा रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून हॉलमध्ये मांडायचा, आवाज मोजायचा आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायचा.

सूत्र सोपं: ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण.

तर्रीबाज, तुमच्या गाळ्यातून स्वयंपाकघर वजा केलं तर बसायची जागा साधारण तीस बाय पंधरा फूट धरू. उंची बारा फूट. घनफळ १५३ घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून १८४ चौरस मीटर. काच, टाइल, गिलावा, स्लॅब हे सगळे आवाज जवळपास पूर्ण परत फेकतात. शोषण शंभरात चार धरलं तरी ७.४ एककं. म्हणजे रिकाम्या हॉलात सव्वातीन सेकंद! माणसं स्वतः चांगली शोषक असतात, वीस जण बसले की नऊएक एककं वाढतात आणि वेळ दीड सेकंदावर येतो. तरीही गोंगाटच. आता छताला दोनशे चौरस फूट चांगलं शोषक पॅनेल लावा, शोषण ऐंशी टक्क्यांचं. अजून पंधरा एककं. वेळ पाऊण सेकंदाच्या आसपास. बस, शेजारच्या टेबलावरचं भांडण नीट ऐकू येईल. (हलके घ्या.)

स्लॅब उघडा दिसायला हवा असेल तर पॅनेल सलग नको, पट्ट्या किंवा तुकडे टांगा, दोन्ही बाजूंनी आवाज पितात. बाटल्यांच्या प्लास्टिकपासून केलेले फेल्टचे येतात, लाकडाच्या काथ्याचे सिमेंटमध्ये बांधलेले येतात. स्वयंपाकघराच्या तोंडाशी मात्र फेल्ट नको, तेलाची वाफ बसते. आणि कोणतंही घ्या, आगीचं प्रमाणपत्र मागा.

रंधा | सोमवार, रात्री ८:५०

देसिबल, हे आमच्या वर्कशॉपात चिकटवतो. शेवटचं वाक्य ठळक करून. अग्निसुरक्षेचा फॉर्म बी जानेवारी आणि जुलैमध्ये भरताना लोकांना आठवतं की सोफ्याच्या फोमचं आणि पडद्यांचं कोणी काही विचारलंच नव्हतं.

निवृत्त_शाखाधिकारी | मंगळवार, सकाळी ६:५५

वेताच्या खुर्चीवर मी तीस वर्षं काढली, म्हणून लिहितो.

आमच्या शाखेत सागवानी खुर्च्या होत्या, पाठ आणि बैठक वेताची. उन्हाळ्यात त्याहून सुखाची जागा नाही, पाठीला घाम येत नाही. पण वर्षा-दोन वर्षांत बैठक पोटासारखी खाली यायची, मग एक एक तार तुटायची आणि पँटला भोक. दुरुस्तीला दोन अंध कारागीर यायचे. व्हरांड्यात बसून बोटांनी भोकं मोजत विणायचे. संध्याकाळपर्यंत चार खुर्च्या ताठ. वेत आधी पाण्यात भिजवून मऊ करायचे आणि वाळला की तो स्वतःच ताणला जायचा. नंतर वरून आदेश आला, फिरत्या खुर्च्या आल्या, जुन्यांचा लिलाव झाला. मी एक घेतली. अजून आहे.

तेव्हा तर्रीबाज, वेत घ्यायचा तर आधी विणणारा शोधा. तो मिळाला नाही तर वेत फक्त पाठीला घ्या, बैठक लाकडी फळीची. पाठीवर कोणी बसत नाही.

मुक्कामपोस्ट_सातपूर | मंगळवार, सकाळी १०:३०

ऑफिसचंही कोणीतरी बोला. आमच्या कंपनीत गेल्या वर्षी सगळी पार्टिशन पाडली. आता म्हणे मोकळेपणा, सहकार्य. मी हेडफोन लावून बसतो.

चौकोनीचहा | मंगळवार, सकाळी ११:१०

@मुक्कामपोस्ट_सातपूर, तुम्ही एकटे नाही. २०१८ मध्ये हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं मोकळी होण्याआधी आणि नंतर मोजली. लोकांच्या गळ्यात सेन्सर लावले होते. समोरासमोरचं बोलणं सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी झालं आणि ईमेल वाढले. मजा म्हणजे क्युबिकल (पार्टिशनचा चौकोनी कप्पा) हेही मुळात सुटका म्हणूनच आलं होतं. रॉबर्ट प्रॉप्स्टने हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी १९६८ मध्ये हलवता येणाऱ्या पाट्यांची जी रचना आणली तिच्यात माणसाला ऐसपैस जागा होती. कंपन्यांनी त्या पाट्या घेतल्या आणि खुराडी केली.

आता माझ्याकडे येणारी ऑफिसं मधलं काहीतरी मागतात. खुली टेबलं, पण फोनसाठी दोन बंद खोकी, एक शांत खोली. लाकूडकाम कमी आणि उचलून नेता येईल असं सामान जास्त. कारण तेच, करार. तीन वर्षांनी जागा सोडायची तर भिंतीला खिळलेलं सगळं मालकाचं होतं.

तर्रीबाज, हे तुम्हालाही लागू. पाच वर्षं आहेत. कमान, गिलावा, छत यांत टाकलेला पैसा तिथेच राहणार. टेबल, खुर्च्या, दिवे, काउंटर तुमच्याबरोबर येतील. बजेटचा मोठा वाटा उचलता येणाऱ्या गोष्टींवर खर्च करा.

काझीची_गढी | मंगळवार, दुपारी ३:०२

एक आगंतुक सल्ला. जुन्या नाशकात वाडे पडतायत आणि सागवानी खांब, तुळया विकायला निघतायत. त्याची टेबलं करा! आणि दिव्यांना तांबट आळीतून तांब्याच्या शेड ठोकून घ्या. जपानपेक्षा ते जवळ आहे.

रंधा | मंगळवार, रात्री ९:१८

वाड्याचं लाकूड सोनं आहे, मान्य. पण ते कापणाऱ्याला विचारा. मागच्या महिन्यात एक तुळई आली, आठ फूट, काळी कुळकुळीत. मेटल डिटेक्टर फिरवून अकरा खिळे काढले. बारावा आत होता, हातघडीचा, चौकोनी. नवं पातं, पहिल्याच फेरीत सहा दात गेले. मिस्त्री राजस्थानकडचा, वीस वर्षं आमच्याकडे. तो खिळा धुऊन खिशात टाकला त्याने. म्हणाला, असा आता कोणी बनवत नाही.

दर ठरवताना घट धरा. दहा घनफूट घेतलंत तर टेबलात सहा उतरतं, बाकी भोकं, चिरा, वाळवी. मी म्हणेन दोनच टेबलं करा, दर्शनी. तांब्याला वरून लॅकर मारून घ्या, नाहीतर महिन्यात काळवंडेल आणि पोरं पितांबरी घेऊन शिडीवर.

आणि घाई करा. २०२७ च्या सिंहस्थाआधी सगळ्या लॉज-हॉटेलांनी कामं काढलीत, चांगला मिस्त्री मिळणं मुश्कील झालंय.

सावलीताई | बुधवार, सकाळी ८:४४

सगळं वाचलं, कोणीच दाराचं बोललं नाही. माझे सासरे व्हीलचेअरवर आहेत. नाशकात आम्ही मिसळ पार्सलच आणतो, कारण प्रत्येक नव्या सुंदर हॉटेलला दोन पायऱ्या. रॅम्पचा उतार एकास बारा हवा. म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट, दोन पायऱ्यांना बारा फूट. हे गाळा घेताना बघायचं असतं, नंतर जागा उरत नाही. तुमच्या गाळ्याला किती आहेत हो, दादा?

तर्रीबाज | बुधवार, सकाळी ९:३०

ताई, एकच. साडेपाच इंच, आत्ता पट्टीने मोजून आलो. साडेपाच फूट बसवतो.

अर्धाकप | बुधवार, सकाळी ९:४१

अजून एक, दिवे. माझ्याकडे पांढरेफटक होते, कॉफी राखेसारखी दिसायची. ३००० केल्विनच्या आसपास (उबदार पिवळसर) घे आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, नव्वदच्या वर बघ. तर्री लाल दिसली पाहिजे.

पंचवटीतला | बुधवार, सकाळी ९:४३

पुढचं अपडेट कधी? भूक लागली.

तर्रीबाज | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ११:२०

उशिराबद्दल माफी. सगळ्यांचे मनापासून आभार, देसिबल यांचे विशेष. डिझायनरने ते गणित बघून स्वतःच छताचं ड्रॉइंग बदललं. रिकाम्या गाळ्यात टाळी वाजवून बघितली, खरंच तीनपर्यंत मोजता येतं.

रंधांकडून एक नमुन्याचं टेबल आणि दोन खुर्च्या करून घेतल्या. पाठीला वेत, बैठक लाकडी. त्या थेट पाथर्डी फाट्याच्या जुन्या हॉटेलात ठेवल्या, बाकी प्लास्टिकच्या मध्ये. पंधरा दिवस. पहिले दोन दिवस तिथे कोणी बसेना, गिऱ्हाइकांना वाटलं ते मालकाचं टेबल आहे. तिसऱ्या दिवशी रोजचे एक आजोबा बसले, तेव्हापासून ती त्यांची जागा. कॉम्पॅक्ट लॅमिनेटवर डाग राहिला नाही. गरम रश्श्याचं भांडं ठेवलं, काही झालं नाही. खुर्चीचे मागचे पाय मात्र ओढताना किंचाळतात, खाली नायलॉनची बटणं लावायचीत. बाबांनी टेबलाखाली हात घालून बघितलं आणि पिशवी अडकवायला हुक मागितला. तो डिझायनरच्या ड्रॉइंगमध्ये नव्हता, माझ्या डोक्यातही नव्हता.

सोफा गेला. फ्लुटेड पॅनेल फक्त कॅशच्या मागे, जिथे तेल उडत नाही. भिंतीला चार फुटांपर्यंत वीटरंगी चकचकीत टाइल उभी लावतोय, वर चुन्याचा गिलावा. म्हणजे बाबांची पाच फुटी टाइल चार फुटांवर आली, बायकोचा टेराकोटा राहिला. वाड्याच्या लाकडाची दोन टेबलं होतायत. तांब्याच्या शेड ठोकायला दिल्यात.

दोनपैकी एक कमान ठेवली, काउंटरच्या मागे. डिझायनरला ती पूर्ण मोकळी हवीये, आत फक्त लपवलेला दिवा. बाबांनी काल मोजमाप घेतलं. तिथे सप्तशृंगीचा फोटो बरोबर बसतो म्हणाले, माळेच्या लाइटिंगसकट. तिला अजून सांगितलेलं नाही.